गेरार्डच्या भिंतीवरचा खिळा

सोमवार, १ एप्रिल

एप्रिल फूल नाही. खरंच मला म्हाताऱ्याच्या जोडीला टाकलंय!

ईस्टरचा सोमवार. सगळं गोस्तकोवो गाव रिवाजाप्रमाणे एकमेकांवर पाण्याच्या बादल्या ओततंय, आणि कोच अंब्रोझीला नेमका आजचाच मुहूर्त सापडला. "चारेक, यंदा पूर्ण सीझन तू आणि गेरार्ड." म्हटलं, कोच, तो एकेचाळीस वर्षांचा आहे! "हो ना," कोच म्हणाला, "स्पीडवेत एकेचाळीसपर्यंत पोचायला काय लागतं ते शीक त्याच्याकडून." आणि राहिलेली बादली माझ्या डोक्यावर.

गेरार्ड चांगला माणूस आहे, कोण नाही म्हणतंय? बावीस वर्षं त्याच्या छातीवर आमच्या क्लबचा हाच काळा कावळा. पण खडीच्या गोल ट्रॅकवर मोटरसायकलींची शर्यत चालू असताना मागे वळून बघतो! दर वळणावर! बाइकला ब्रेक नाही, मागचं चाक आडवं घसरतंय, तोंडावर खडी उडतेय, आणि हा बघतोय मागे. लग्नाच्या वरातीत पोरं मोजतोय जसा! मला पुढचं बघायचंय. मला जिंकायचंय. म्हाताऱ्याची काठी व्हायला आलो नाहीये मी इथे.

शनिवार, ६ एप्रिल

सकाळी फादरनी रांगेत उभ्या केलेल्या बाइकींवर पवित्र पाणी शिंपडलं. माझ्या कार्ब्युरेटरमध्ये गेलं. देवाची कृपा एवढी झाली की बाइक सुरूच होईना.

घरी निघालो तर गेरार्ड दोन सायकली घेऊन दारात. "चल, बंबखान्याच्या आवारात." मला वाटलं थट्टा करतोय. कसली थट्टा! तासभर गोल गोल फिरवलं. आम्ही दोघं सायकलींवर, बंबवाले खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलताहेत आणि ओरडताहेत, "म्हातारबा, पोराला घंटी तरी वाजवायला द्या!"

त्याचा नियम एकच. तो पुढे, मी मागे. बाहेरून कुणी यायला लागलं की तो बाहेर सरकून त्याची वाट अडवणार आणि डावं कोपर वर करणार. कोपर वर म्हणजे आतली वाट माझी. "कोपर दिसलं की जायचं. विचार करायचा नाही."

"आणि तू खरंच बाहेर सरकलास की नाही, हे बघायचं नाही?"

"नाही. तू बघायचं नाहीस. बघायचं काम माझं."

मी विचार केला. काटेरी झुडपात गेलो. गेरार्डच्या बायकोने, लुत्सिनाबाईंनी, खसखशीचा केक दिला खायला आणि चिमटा दिला काटे काढायला.

रविवार, १४ एप्रिल

कपची पहिली फेरी, घरच्या मैदानावर. हरलो.

आमच्या जोडीमुळे हरलो. खरं सांगायचं तर माझ्यामुळे. शेवटच्या शर्यतीत आम्हाला पहिला आणि दुसरा यायला हवं होतं, म्हणजे तीन आणि दोन पाच, समोरच्या जोडीला एक. पाच-एक झालं असतं तर सामना आमचा. गेरार्ड पुढे. कोपर वर गेलं. मी पाहिलं! आणि माझ्या मनात आलं, जागा खरंच आहे का? तेवढ्यात जागा संपली.

वाटलं, आता चार शिव्या खाव्या लागणार. त्याने हेल्मेट काढलं, तोंडावरची खडी पुसली. "विचार केलास," एवढंच म्हणाला. शिव्या परवडल्या असत्या.

रविवार, २८ एप्रिल

विचार केला नाही. पाच-एक!! एकाच सामन्यात तीनदा!!

शुक्रवार, ३ मे

आज चॅलेंज सामना. नुसता मैत्रीचा. ना गुण, ना कप. लोक सुट्टीचे आलेले, मोहरी लावून भाजलेले सॉसेज खात बसलेले. मी जरा आरामात चालवली. गेरार्डने तसूभरही सोडलं नाही. पाहुण्यांच्या एका वाघाला दोन फेऱ्या नुसत्या मागच्या चाकाने अडवून धरलं, मला वाट मोकळी राहावी म्हणून.

म्हटलं, "मैत्रीच्या सामन्यात कसला रे एवढा जीव?"

"मैत्री त्यांच्याशी. शर्यत ती शर्यतच."

घरी आल्यावर व्हिडिओ पाहिला. मी जिंकतोय, हात वर करतोय, लोक काव काव करताहेत. मागे गेरार्ड. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा तेच पाहत बसलो. त्या माणसाने काय काम केलंय! त्याला पुढचंही दिसतं, मागचंही, आणि तिसऱ्याच्या मनातलंही.

रविवार, १२ मे

ब्झेझिनच्या क्लबला त्यांच्या घरात जाऊन हरवलं. कपात पुन्हा जिवंत!

ब्झेझिनचा तोबियाश म्हणजे सध्या या भागातला सगळ्यात वेगवान माणूस. त्याला ते ठाऊकही आहे. सामन्याआधी ट्रॅक पायाखाली घालत फिरत होतो, टाचेने खडी उकरून बघत, तर हा मागून आला. "चारेक, आजोबांना औषध दिलंस का दुपारचं?" गेरार्ड वाकून खडी चिमटीत घेऊन बघत होता. मान वर न करता म्हणाला, "दिलं रे. तुझं संध्याकाळी आहे."

आणि दिलं! शेवटच्या शर्यतीत तोबियाश बाहेरून आला, गेरार्ड बाहेर सरकला, कोपर वर, मी आत. शेवटच्या वळणावर तोबियाशचं इंजिनही गचके खायला लागलं. पाच-एक. प्रेक्षक बोंबलत होते, कावळा बसायला आणि फांदी मोडायला! म्हणे नशीब! अरे, फांदी कुठली मोडणार ते बघूनच बसतो आमचा कावळा.

रेषा ओलांडल्यावर आम्ही दोघं हात वर करून बाजूबाजूला आलो, त्याने माझ्या हातावर टाळी दिली. आता प्रत्येक पाच-एकनंतर हेच.

रविवार, ९ जून

वळणावर माझं चाक खड्ड्यात गेलं आणि मी पडलो, बरोब्बर गेरार्डच्या पुढ्यात. मला त्याचं चाक दिसलं. मी डोळे मिटले.

त्याने बाइक आडवी टाकली आणि स्वतः फळ्यांच्या कुंपणावर गेला. थांबायला आमच्याकडे दुसरा उपायच नाही. मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

स्ट्रेचरवरून मला म्हणतो, "बाइक बघ माझी. हँडल वाकलंय का?"

बुधवार, १२ जून

त्याच्या घरी गेलो. बैठकीची खोली भरून फोटो. सगळे संघाचे, आणि प्रत्येकात हा मागच्या रांगेत, दुसऱ्यांची हेल्मेटं हातात धरून. मधल्या भिंतीवर मात्र मोकळी जागा, आणि तिथे एक नुसताच खिळा. मी उगाच विचारलं, इथे काय होतं?

"काही नव्हतं," लुत्सिनाबाई म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षी ठोकलाय यांनी. तांब्याच्या चाकासाठी."

आतून आवाज, "लुत्सिना!"

"खोटं बोलते का मी? चारेक, या खिळ्यावरची धूळ पुसून पुसून केस पांढरे झाले माझे! दोनदा भिंत रंगवली, पण खिळा काढू दिला नाही. त्यावरूनच रंग. एकदा कॅलेंडर लावलं त्यावर, तर दोन दिवस तोंड फुगवून बसले होते."

तांब्याचं चाक आमच्याच मैदानावर असतं, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. तिथे संघ नाही, जोडी नाही. सगळे एकेकटे. जिंकेल त्याला ताटाएवढं तांब्याचं चाक. गेरार्ड दरवर्षी उतरतो. कधी दुसरा, कधी चौथा, एकदा पुढे असताना साखळी तुटली. बावीस वर्षांत या माणसाने एकट्यासाठी काहीच जिंकलेलं नाही! मला पत्ताच नव्हता. कुणालाच नसावा.

"यंदा शेवटचं," लुत्सिनाबाई सुपाचा वाडगा माझ्यापुढे आदळत म्हणाल्या. "सांगितलंय मी यांना. चाक आलं तर आलं, नाही तर खिळा काढायचा आणि बाइक विकायची. एक तर खिळा राहील या घरात, नाही तर मी."

मी सूप प्यायलो. यंदा ते चाक त्याला मिळालंच पाहिजे. मिळालंच पाहिजे!

रविवार, ७ जुलै

गेरार्ड परत उतरला. डॉक्टर म्हणाले होते ऑगस्टशिवाय नाही. त्याने पट्टा आवळून बांधला, डाव्या बाजूने बाइकवर चढला (उजवीकडून कधीच चढत नाही), आणि पहिल्याच शर्यतीत मागे वळून पाहिलं. मोडक्या हाडानिशी! कोपर काही वर जाईना पुरतं. बोटभर हललं असेल. मला तेवढं पुरलं.

कोच बाजूला उभा होता. "आता तुम्ही दोघं बोलतही नाही का रे?" बोलायचं काय त्यात?

रविवार, २५ ऑगस्ट

कप आमचा!!! फायनलला ब्झेझिन, आणि शेवटची शर्यत पुन्हा आमच्या दोघांवर. पाच-एक.

सगळ्यांनी मला हवेत उडवलं, तीनदा. चौथ्यांदा झेलायला विसरले. कप क्लबच्या कपाटात गेला. फोटोत गेरार्ड मागच्या रांगेत, हातात माझं हेल्मेट. मी ओढलं त्याला पुढे, तर म्हणतो, "सोड रे, उन्हाने डोळे दिपतात."

लोक मला डोक्यावर घेताहेत. कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, मी नुसता वाटेने जातो, वाट तो करतो. त्यांना वाटतं मी नम्र आहे! मी आणि नम्र!

शुक्रवार, २७ सप्टेंबर

परवा चाक. धीर करून विचारलं, आपण दोघंही फायनलच्या शर्यतीत आलो तर?

"तर तू तुझं बघ, मी माझं."

"म्हणजे कोपर..."

"कोपर-बिपर काही नाही. चारेक, एक ऐक. मला हळू चालवून दाखवलंस ना, तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. भीक म्हणून आलेलं चाक त्या खिळ्यावर नको मला."

कबूल केलं. खरं सांगतो, मनात वेगळंच होतं. पण कबूल केलं की केलं.

रविवार, २९ सप्टेंबर

कसं लिहू?

फायनलला चौघे: गेरार्ड, मी, तोबियाश, एक डेन्मार्कचा पाहुणा. सुरुवातीच्या रेषेवरच्या फिती वर उडाल्या आणि गेरार्ड असा सुटला की गेल्या दहा वर्षांत कुणी पाहिला नसेल! पहिल्या वळणावरच पुढे. मी दुसरा. मी सगळा जीव लावत होतो, शपथेवर. पोचू शकत नव्हतो. आणि आत कुठेतरी आनंदाने ओरडत होतो, जा म्हाताऱ्या, जा! दुसरी फेरी, तिसरी. सगळं स्टेडियम उभं. काव काव काव. लुत्सिनाबाई कठड्याशी, तोंडावर दोन्ही हात.

शेवटची फेरी, शेवटचं वळण. बाहेरून तोबियाशचं इंजिन चढलेलं ऐकू आलं. गेरार्डने मागे वळून पाहिलं. मागे काळा कावळा दिसला, बाहेर तोबियाश दिसला. आणि तो बाहेर सरकला. कोपर वर.

मी गेलो.

देवाशप्पथ, डोक्यात काही नव्हतं. कोपर दिसलं, आतली वाट दिसली, मी गेलो. रेषा ओलांडली. मी पहिला, तो दुसरा, तोबियाश अडकून तिसरा. आम्ही दोघांनी हात वर केले! पाच-एक! तो हसत माझ्या बाजूला आला टाळी द्यायला, मीही हात पुढे केला, आणि मग दोघांनाही एकदमच कळलं. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

स्टेडियममध्ये कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. तांब्याचं चाक माझ्या हातात दिलं. फार जड आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

चाक घेऊन त्याच्या घरी गेलो. लुत्सिनाबाईंनी दार उघडलं, चाक पाहिलं, दार लावलं. मी उभाच. मग तो आला बाहेर.

"हे तुझं आहे," म्हटलं.

"पहिला कोण आला?"

"पण तू मला..."

"मी दिलेलं नाही!" एवढा चढलेला आवाज मी त्याचा पहिल्यांदा ऐकला. "लोक म्हणताहेत, गेरार्डने पोराला भेट दिली, काय मोठं मन! मन-बिन काही नाही! मी चुकलो. हाताची सवय. बावीस वर्षांची सवय मी एका रविवारपुरती सोडू शकलो नाही. चूक माझी आहे, ती माझ्याकडेच राहू दे. तेवढी तरी माझी एकट्याची आहे ना?"

दार लागलं. मी चाक काखेत घेऊन पायी घरी आलो. रडलो. लाज कसली लिहायला.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

बेकरीत पाव घ्यायला गेलो. मागून एक म्हातारी आजी म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा!" रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी पाव घेतला आणि निघालो.

रविवार, ६ ऑक्टोबर

गेरार्डचा निरोप समारंभ. एकट्याने चार फेऱ्या मारल्या. लोकांनी ट्रॅकवर गळपट्टे फेकले, कोच अंब्रोझी पोरासारखा रडला. गेरार्ड दर वळणावर मागे बघत होता. मागे कुणीच नव्हतं तरी.

माझ्याशी बोलला नाही. मी तर हळू चालवून दाखवलं नव्हतं, मग का? पण त्याला राग माझा नाही, हे मला कळतं. त्याला माझ्याकडे बघवत नाही, बस.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. स्मशानात सगळं गाव, सगळ्या थडग्यांवर दिवे. आम्ही स्पीडवेवाले आधी ट्रॅकवर गेलेल्या आपल्या माणसांच्या थडग्यांकडे जातो, मग घरच्यांच्या. गेरार्ड तिथेच होता, वाकून वाऱ्यात दिवा लावत. तीनदा विझला. मी हाताचा आडोसा धरला. लागला.

मग म्हणाला, "चाक कुठे ठेवलंयस?"

"कपाटावर. पिशवीत."

"पिशवीत?" आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. "तांब्याचं चाक पिशवीत? खिळा नाही घरात?"

"नाही."

"गाढव कुठला!"

महिन्याने बोलला माझ्याशी. गाढव म्हणाला. घरी येईपर्यंत मी हसत होतो.

सोमवार, ११ नोव्हेंबर

गेरार्ड आला. हातात हातोडी आणि तोच खिळा, जुना, रंगाचे दोन थर चढलेला. "भिंत कुठली?" एवढंच विचारलं. स्वतः ठोकला, चाक टांगलं, लांबून पाहिलं, चहा प्यायला.

दारात बूट चढवताना म्हणाला, "ब्झेझिनला सही केली परवा. तोबियाशच्या जोडीला. आता मागे कावळा दिसला तरी कोपर वर जायचं नाही."

"आणि लुत्सिनाबाई?"

"तीच म्हणाली. जा, आणि पुढच्या वर्षी चाकासकट माझा खिळा परत आण."

तो गेल्यावर चाकाला हात लावून पाहिला. खिळा हलतोय. मुद्दामच खोल ठोकलेला नाही!